शेजारच्या घरातला इस्लाम : वुजूपासून जनाज्यापर्यंत

मी परभणीत मराठी शाळेत गणित शिकवतो. घरी दखनी, शाळेत आणि बाजारात मराठी. रमजान लागला की स्टाफरूममध्ये एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, पाणीसुद्धा नाही?" नाही, पाणीसुद्धा नाही. हे उत्तर देऊन पंचवीस वर्षं झाली. पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणखी दहा प्रश्न दिसतात आणि ते संकोचाने तिथेच विरतात. आपल्याकडे गल्ली एक, नळ एक, किराणा दुकान एक. तरी शेजारच्या घरात वुजू म्हणजे काय आणि जकात, म्हणजे गरजूंसाठीचं सक्तीचं दान, कशी काढतात, हे माहीत नसतं. न विचारलेल्या त्या प्रश्नांची उत्तरं इथे क्रमाने देतो.

आधीच सांगून ठेवतो, मराठवाड्यातले बहुतेक मुसलमान सुन्नी आणि हनफी पद्धतीचे आहेत, म्हणून खालचे तपशील त्या पद्धतीचे. शिया, बोहरा, अहले हदीस यांच्याकडे बारीकसारीक फरक असतात. आणि वाचताना एवढं बघत जा : इथे जवळजवळ प्रत्येक गोष्टीला माप आहे आणि त्या मापाला सूटही आहे. बाहेरच्याला माप दिसतं, सूट दिसत नाही. म्हणून धर्म आहे त्याहून कडक वाटतो.

मानायचं काय

सगळ्याचा पाया एका वाक्यात आहे. त्याला कलमा म्हणतात : ला इलाह इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह. अल्लाहशिवाय पूजेस पात्र कुणी नाही आणि मुहम्मद हे अल्लाहचे प्रेषित आहेत. पहिल्या अर्ध्या भागाचा अर्थ शब्दशः घ्या. पैगंबरांची पूजा होत नाही, काब्याचीही नाही. पैगंबर हे निरोप आणणारे. आदम, नूह, इब्राहिम, मूसा, ईसा या साखळीतले शेवटचे मुहम्मद. यातले ईसा म्हणजेच येशू, हे सांगितलं की वर्गातल्या पोरांना हमखास नवल वाटतं.

कलम्याच्या पोटात सहा गोष्टींवरचा विश्वास येतो : एक अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याने पाठवलेले ग्रंथ (तौरात, जबूर, इंजील आणि शेवटचं कुरआन), त्याचे पैगंबर, कयामतचा दिवस म्हणजे सगळ्या कर्मांचा हिशोब, आणि तकदीर. मुहम्मद पैगंबरांचा जन्म मक्केत साधारण 570 चा. 610 मध्ये हिरा नावाच्या गुहेत पहिली वही, म्हणजे ईश्वरी संदेश, आली. 622 मध्ये त्यांनी मदिनेला स्थलांतर केलं, तीच हिजरत, आणि हिजरी सन तिथून मोजतात. 632 मध्ये ते वारले. कुरआनात 114 सूरा, म्हणजे अध्याय, आहेत. वाचायच्या सोयीसाठी त्याचे 30 पारे, म्हणजे भाग, केलेत.

विश्वासाचं एवढं पुरे. रोजच्या जगण्यात शेजाऱ्याशी गाठ पडते ती आचाराची.

वुजू : लोटाभर पाण्याचं काम

नमाजेच्या आधी वुजू करतात. मशिदीच्या हौदावर किंवा नळावर बाकड्यावर बसून लोक हातपाय धुताना दिसतात, तेच. क्रम असा. मनात इरादा करायचा, बिस्मिल्लाह म्हणायचं. दोन्ही हात मनगटापर्यंत तीनदा. तीन चुळा. नाकात तीनदा पाणी. मग चेहरा, कपाळाच्या केसांपासून हनुवटीच्या खालपर्यंत आणि या कानापासून त्या कानापर्यंत, तीनदा. मग उजवा हात कोपरासकट, नंतर डावा, तीन-तीनदा. ओला हात डोक्यावरून एकदा फिरवायचा, त्याला मसह म्हणतात; कान त्यातच येतात. शेवटी उजवा पाय, मग डावा, घोट्यांसकट, बोटांच्या बेचक्यांतून करंगळी फिरवत.

यातलं अत्यावश्यक, म्हणजे फर्ज, फक्त चार : चेहरा, कोपरांपर्यंत हात, डोक्याचा मसह, घोट्यांपर्यंत पाय. एकदा धुतलं तरी फर्ज पूर्ण होतं, तीनदा ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत. लघवी-शौच, वायू सरणं, गाढ झोप यांनी वुजू तुटतो. त्यामुळे कुणी "आत्ताच तर केलं होतं" असं पुटपुटत परत नळाकडे निघाला, तर कारण विचारू नका.

आता सूट. पाणी नसेल, आजारात पाण्याने त्रास वाढणार असेल, किंवा आहे ते पिण्यापुरतंच असेल, तर तयम्मुम करायचं. स्वच्छ कोरड्या मातीवर दोन्ही तळवे टेकवायचे, जादा धूळ झटकायची, चेहऱ्यावरून फिरवायचे. पुन्हा टेकवायचे आणि दोन्ही हातांवरून कोपरांपर्यंत फिरवायचे. झालं. माझी आजी 1972 च्या दुष्काळात कोनाड्यात काळ्या मातीचं एक मोठं ढेकूळ ठेवायची आणि त्यावर हात टेकायची. रांजणातलं पाणी पोरांना आणि म्हशीला. ते ढेकूळ दुष्काळ सरल्यावरही कितीतरी दिवस तिथेच होतं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मला ते आठवलं. पाणी मुबलक असतानाही ते कमी वापरावं अशीच शिकवण आहे. पैगंबर जेमतेम लोटाभर पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींत, आहे. आमच्याकडे काही जण नळ मोकळा सोडून तीनाऐवजी सहादा हात धुतात, त्यांना हे ऐकवावंसं वाटतं.

नमाज : वेळ, दिशा, रकात

वेळा पाच. फजर पहाटे, सूर्य उगवण्याच्या आत. जुहर दुपारी. असर उतरत्या उन्हात. मगरिब सूर्य मावळल्या मावळल्या. इशा रात्री.

घड्याळ नव्हतं तेव्हा वेळ सावलीवरून काढत. हा प्रयोग मी मुलांकडून करून घेतो, तुम्हीही करा. अंगणात हातभर काठी सरळ रोवा. भर दुपारी तिची सावली सगळ्यात आखूड होते, ती खूण करून ठेवा. सावली पुन्हा वाढायला लागली की जुहरची वेळ सुरू. त्या आखूड सावलीशिवाय काठीच्या दुप्पट लांबी झाली की हनफी हिशोबाने असर सुरू. आपल्याकडे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्या दिवशी आखूड सावली शून्य असते. मग गणित आणखी सोपं. उलट सूर्य उगवत असताना, ऐन माथ्यावर असताना आणि मावळत असताना नमाज पढत नाहीत. "तुम्ही पश्चिमेला तोंड करता म्हणजे मावळत्या सूर्याला नमस्कार का?" या प्रश्नाचं उत्तर यात आलं.

दिशा पश्चिम, ती मक्केतल्या काब्यामुळे. मराठवाड्यातून काबा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला पडतो. इजिप्तमधला माणूस आग्नेयेकडे तोंड करेल. म्हणजे पश्चिमेला स्वतःचं काही महत्त्व नाही.

आधी अजान होते, आपल्याकडच्या बोलीत बांग. "अल्लाहु अकबर" म्हणजे अल्लाह सर्वांत मोठा. त्यातला अकबर म्हणजे बादशहा नव्हे. हा गैरसमज मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलाय. पुढचे शब्द : नमाजेकडे या, कल्याणाकडे या. पहाटेच्या अजानमध्ये एक ओळ जास्त असते, "नमाज झोपेपेक्षा बरी". डिसेंबरात ती ओळ ऐकताना माझंही मन दुलईच्या बाजूने असतं.

नमाजेचं एकक म्हणजे रकात. एक रकात अशी : हात कानांपर्यंत उचलून अल्लाहु अकबर म्हणायचं आणि बेंबीखाली उजवा हात डाव्यावर बांधायचा (बायका छातीवर बांधतात). उभ्यानेच सूरे फातिहा, म्हणजे कुरआनातली पहिली सात आयतींची सूरा, आणि तिला जोडून दुसरी एखादी. मग कमरेत वाकून हात गुडघ्यांवर, हा रुकू. सरळ उभं राहायचं. मग सजदा : कपाळ-नाक, दोन तळवे, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं, अशी सात ठिकाणं जमिनीला. उठून बसायचं, पुन्हा सजदा. दोन रकातींनंतर बसून अत्तहियात नावाची प्रार्थना पढतात. शेवटच्या बैठकीत दरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना) आणि दुआ, मग मान उजवीकडे आणि डावीकडे वळवून दोन सलाम. फर्ज रकाती फजरला 2, जुहरला 4, असरला 4, मगरिबला 3, इशाला 4. बेरीज 17. सुन्नत आणि वित्र (इशानंतरच्या) वेगळ्या. शुक्रवारी दुपारी जुहरऐवजी जुमा : आधी खुतबा, म्हणजे प्रवचन, मग 2 रकात जमातीने, म्हणजे सगळ्यांनी मिळून. जुमा एकट्याने होत नाही, म्हणून शुक्रवारी दुपारी तासाभराची सुट्टी मागतात.

सूट इथेही. उभं राहता येत नसेल तर बसून पढा, बसवत नसेल तर पडून, मानेच्या इशाऱ्याने. मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी असेल आणि प्रवास साधारण 78 किलोमीटरहून लांबचा, तर चाराच्या दोन रकाती होतात. मी परभणीहून छत्रपती संभाजीनगरला पेपर तपासायला जातो तेव्हा माझी जुहर निम्मी असते. पाळीच्या दिवसांत बायकांना नमाज माफ, आणि ती नंतर भरूनही द्यायची नसते.

तुम्ही ऑफिसात किंवा रेल्वेत असाल आणि कुणी कोपऱ्यात नमाजेला उभा राहिला, तर त्याच्या पुढ्यातून जाऊ नका, मागून जा. हाक मारली तर तो ओ देणार नाही, बोललं की नमाज तुटते. पाच-दहा मिनिटांचा मामला असतो. आणि गप्प बसायची गरज नाही, हळू आवाजात तुमचं चालू द्या.

रोजा

पहाट फुटण्याआधी सहरी, सूर्य मावळल्यावर इफ्तार, मधे अन्न-पाणी-तंबाखू आणि शरीरसंबंध बंद. चंद्र दिसेल तसे 29 किंवा 30 दिवस. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे का सरकतो, याचं उत्तर आपल्या पंचांगातच आहे. चांद्र वर्ष 354 दिवसांचं. मराठी पंचांग ती तूट अधिक महिन्याने भरून काढतं, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडावरच येते. हिजरीत अधिक महिना नाही, म्हणून रमजान साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2019 मध्ये तो मे महिन्यात होता. परभणीचं मे महिन्यातलं ऊन आणि कोरडा घसा, त्यावर मी काही लिहीत नाही.

सूट बरीच आहे. आजारी, प्रवासी, गरोदर, अंगावर पाजणारी यांनी रोजा आत्ता सोडून नंतर भरून द्यायचा, त्याला कजा म्हणतात. पाळीच्या दिवसांचे रोजे धरायचे नसतात, पण नंतर भरून देतात. नमाजेशी हा फरक आहे. बरं होण्याची आशा नसलेला आजारी किंवा थकलेला वृद्ध दर रोजामागे एका गरिबाच्या दोन वेळच्या जेवणाइतका फिदिया देतो. लहान मुलांना रोजा नाही. विसरून पाणी प्यायलं तर रोजा तुटत नाही, आठवल्याबरोबर थांबायचं. मधुमेहाच्या माणसाने डॉक्टरांना विचारून ठरवावं. त्याला "एवढं काय होतं" म्हणणाऱ्यांत आमचेच लोक पुढे असतात, हे वाईट.

सहकाऱ्यांना एकच सांगणं : आमच्यासमोर डबा लपवू नका. त्याने उलट आम्हालाच अवघडल्यासारखं होतं. इफ्तारला बोलावलं तर दहा मिनिटं आधी या, ताटावर बसा, पण अजान होईपर्यंत हात लावू नका. आधी खजूर, मग पाणी; भजी आणि टरबूज नंतर. लगेच सगळे मगरिबला उठतील, तुम्ही खात राहिलात तरी चालतं.

जकात : चाळिसावा हिस्सा

जकात म्हणजे शिलकीतला चाळिसावा हिस्सा दरवर्षी गरजूंना देणं. इथे माझं गणित कामी येतं आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

पहिली पायरी, जकात लागू आहे का. त्यासाठी निसाब हे किमान माप आहे : साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. पण हा तोळा जुना, 11.664 ग्रॅमचा. म्हणजे 87.48 ग्रॅम सोनं, 612.36 ग्रॅम चांदी. आज सराफाकडे तोळा म्हणजे 10 ग्रॅम, त्यामुळे सोन्याचा निसाब आजच्या मापाने पावणेनऊ तोळे होतो. अनेक घरांत साडेसातावर बोट ठेवतात आणि घोटाळा होतो. फक्त सोनंच असेल तर सोन्याचा निसाब. सोनं, रोकड, माल असं मिश्र असेल तर चांदीचा धरतात. तो खूप कमी रकमेत पूर्ण होतो.

दुसरी पायरी, हिजरी तारीख ठरवा. निसाब पूर्ण झाल्यापासून एक चांद्र वर्ष. बरेच जण सोयीसाठी रमजानातली एक तारीख धरतात.

तिसरी, बेरीज-वजाबाकी. धरायचं ते : सोनं-चांदी (अंगावरचे दागिनेसुद्धा), रोकड, बँकेतली शिल्लक, परत मिळणारं उसनं, दुकानातला विक्रीचा माल. राहतं घर, गाडी, शिलाई मशीन, अवजारं, घरातलं सामान धरायचं नाही. लोकांचं देणं वजा करायचं. समजा बँकेत 1,80,000, उसने दिलेले 40,000, दुकानात माल 3,00,000, बेरीज 5,20,000. घाऊक व्यापाऱ्याचं देणं 1,20,000. उरले 4,00,000. भागिले 40, जकात 10,000. तोंडी करायचं तर दोनदा निम्मं करा आणि शेवटचं शून्य काढा.

चौथी, द्यायची कुणाला. कुरआनात आठ प्रकारचे हकदार सांगितलेत : गरीब, अगदी निर्धन, कर्जात बुडालेला, अडकलेला प्रवासी वगैरे. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं, नवरा-बायको यांना देता येत नाही. त्यांचा खर्च मुळातच आपल्यावर. गरजू भाऊ-बहिणीला चालते, उलट चांगली. मशिदीच्या बांधकामाला जकात लागत नाही, कारण ती कुणा माणसाच्या मालकीत जावी लागते. जकात मुसलमान गरजूंसाठी आहे, पण ऐच्छिक दान, सदका, शेजारच्या कुणालाही देता येतं.

शेतकऱ्यांसाठी उश्र हा वेगळा हिशोब आहे. पावसावर पिकलं तर दहावा हिस्सा. विहीर, मोट, पंप असा खर्च करून भिजवलं तर विसावा. म्हणजे कोरडवाहूला जास्त, बागायतीला कमी. पहिल्यांदा ऐकलं तर उलटं वाटतं. कारण असं की पाऊस फुकट येतो, पंपाला पैसे लागतात. हा नियम ठरवताना सोयाबीन फुलोऱ्यात असताना पाऊस महिनाभर दडी मारतो हे कुणी धरलं नसावं, असं आमचे एक शेतकरी काका म्हणायचे. अर्थात हिस्सा पिकलेल्याचा आहे. पिकलंच नाही तर दहावा हिस्साही शून्य. भारतातल्या जमिनींना उश्र लागतो का, यावर उलेमांत, म्हणजे धर्मपंडितांत, मतभेद आहेत. आपल्या मौलानांना विचारून घ्यावं.

फित्रा याहून छोटा : ईदच्या नमाजेआधी घरातल्या माणशी साधारण पावणेदोन किलो गव्हाची किंमत गरिबाला. ईदच्या आदल्या रात्री जन्मलेल्या बाळाचाही देतात, पण पहाट होण्याआधी जन्मलं असेल तरच.

हज आणि दोन ईद

हज आयुष्यात एकदा, तीही ऐपत असेल तर. कर्ज फिटलेलं, मागे घरच्यांची सोय झालेली. काळ जिलहिज्ज महिन्याच्या 8 ते 12-13 तारखेचा. उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, वर्षभरात केव्हाही होतो, पण तो हज नव्हे. पुरुषांचे दोन बिनशिवलेले पांढरे कपडे म्हणजे एहराम, काब्याभोवती सात फेऱ्या, सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात खेपा, नऊ तारखेला अराफातच्या मैदानात मुक्काम. निघण्याआधी माणूस गल्लीभर फिरून "कहासुना माफ करना" म्हणतो. तुमच्या दारात आला तर माफ केलं असं तोंडाने म्हणा, त्याला ते हवं असतं.

रमजान संपल्यावरची ईद शिरखुर्म्याची. दूध, शेवया, खारीक, सुकामेवा. शाकाहारी माणसाने निर्धास्त वाटी रिकामी करावी. बकरी ईद 10 जिलहिज्जला, इब्राहिम पैगंबरांच्या आठवणीत. कुर्बानीचे तीन वाटे करतात : घरचा, नातेवाईक-मित्रांचा, गरिबांचा.

मोहरम मात्र आनंदाचा सण नव्हे. 680 मध्ये करबलाला पैगंबरांचे नातू इमाम हुसैन मारले गेले, त्याची आठवण. "हॅपी मोहरम" असा मेसेज दरवर्षी एक तरी येतो. पाठवणाऱ्याचं मन चांगलं असतं, म्हणून मी नुसता सलाम टाकतो.

दर्गा, उरूस, कंदुरी

परभणीत फेब्रुवारीत तुराबुल हक यांचा उरूस भरतो, खुलताबादेत जर जरी जर बक्ष यांचा; कंधारला हाजी सय्याह सरवर यांचा दर्गा आहे. गावोगावी पिराला कंदुरी होते, आणि ती करणाऱ्यांत मराठा, धनगर घरं मोजावीत इतकी. मुलाणी बिस्मिल्लाह म्हणून बकरं कापतो, सगळं गाव जेवतं. पण यातलं काहीही पाच फर्जांत (कलमा, नमाज, रोजा, जकात, हज) येत नाही. दर्ग्यावर जावं का, यावर मुसलमानांतच मोठा वाद आहे. माझ्या एका भावाची चादर दरवर्षी असते, दुसरा दर्ग्याच्या कमानीतूनही जात नाही. ईदला दोघं एकाच ताटावर बसतात आणि तो विषय काढत नाहीत. तुम्ही गेलात तर डोकं झाका, चपला बाहेर काढा, एवढं पुरे.

मयतीला गेलात तर

हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात आणि दाराशीच थबकतात.

दफन लवकर करतात, शक्यतो त्याच दिवशी, म्हणून निरोप मिळाला की निघा. आधी गुसल, म्हणजे अंघोळ. मग कफन, पुरुषाला तीन कापडं, बाईला पाच. जनाज्याची नमाज उभ्यानेच होते, तिच्यात रुकू नाही आणि सजदाही नाही, चार वेळा अल्लाहु अकबर आणि मधे दुआ. तुम्ही बाजूला उभे राहा. जनाजा निघाला की खांदा द्या, कुणी अडवणार नाही; खांदेकरी दर काही पावलांवर बदलत राहतात, तुमच्यासाठी जागा आपोआप होते. कबर उत्तर-दक्षिण खणतात, डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेला म्हणजे काब्याकडे. फळ्या लावून झाल्या की प्रत्येक जण तीन मुठी माती टाकतो. तुम्हीही टाका. कबरींवर पाय पडणार नाही असं बघून चाला. परतल्यावर अंघोळ करायलाच हवी असं आमच्यात काही नाही.

दुःख असलेल्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पाठवावं ही पैगंबरांची शिकवण. तीन दिवस शोक. नवरा गेलेली बाई चार महिने दहा दिवस इद्दतमध्ये, म्हणजे घरात राहून पाळायच्या मुदतीत, असते, ती कुणाच्या लग्नाला आली नाही तर मनाला लावून घेऊ नका. काय बोलावं सुचत नसेल तर बोलू नका, डबा न्या. वडील गेले त्या संध्याकाळी समोरच्या काकूंनी पिठलं, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा आणून ठेवला. "काय करावं कळंना, म्हणून आपलं हेच आणलं," म्हणाल्या. अठरा माणसं त्यावर जेवली.